दोन खेपा पाणी

स्टोव्ह विझताना एक आवाज करतो. आधीची फरफर बारीक होत जाते, मग दोन-तीनदा फुस्स, आणि मग नुसती शांतता. आता घरी गॅस आहे. सून म्हणते, अम्मी, तुम्ही उगाच दचकता. पण एखाद्या टपरीवर चहा पिताना तो आवाज कानावर आला की आजही मी चहा अर्धा टाकून उठते. लोक वाघाला भितात, सापाला भितात. मी विझणाऱ्या स्टोव्हला भिते, कारण त्या एका फुस्समुळे पाच महिन्यांच्या पोरीचा जीव जायला निघाला होता आणि मला ते ठाऊक असून मी दहा दिवस गप्प बसले होते. हसायचं असेल तर खुशाल हसा.

मी चिमूरची. अब्बांचं बांगड्यांचं दुकान, घरात आम्ही चार बहिणी, आणि चौघींत तोंडाळ मी. नर्सचा कोर्स झाला आणि नव्वद सालानंतरच्या एका पावसाळ्याच्या तोंडावर नेमणुकीचा कागद आला. गडचिरोली जिल्हा, आत जंगलात, रस्ता संपतो तिथलं शेवटचं उपकेंद्र. अब्बांनी तो कागद दोनदा वाचला. अम्मी म्हणाली, "सरकारी नौकरी आहे बेटा, ना नको म्हणू." मी नाही म्हटलं नाही.

गावाचं नाव सांगत नाही. गाव गोंडांचं, पंचवीस-तीस घरं, भोवती धानाचे बांध आणि बांधाला लागूनच जंगल. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. एकीत दवाखाना, एकीत मी. नाल्याच्या काठावरची जागा फुकट मिळाली म्हणून तिथं बांधलेल्या, गावापासून हाकेच्या अंतरावर, तेसुद्धा हाक मारणारा चांगला दणकट असला तर. त्याच पावसाळ्यात वाघानं नाल्यात गाय पाडली. सकाळी मी दारात दात घासत उभी आणि गावातली पोरं माझ्यासमोरून गाय बघायला धावत चाललेली. त्या दिवसापासून माझी पाचावर धारण बसली ती बसलीच.

मी कंदील रात्रभर जळत ठेवायला लागले. मग एका कंदिलानं भागेना. माझ्या खोलीत उजेड असला की दवाखान्याची खोली जास्तच काळी वाटायची, म्हणून तिथंही एक ठेवला. अम्मीनं शिकवलेली दुआ तीनदा म्हणायची, उशाला कोयता घ्यायचा आणि कान दाराला लावून पडायचं. सकाळी दोन्ही काचा काजळलेल्या आणि डब्यातलं मातीचं तेल बोटभर खाली गेलेलं. ते तेल सरकारनं मला वाघासाठी दिलेलं नव्हतं. सुया आणि काचेच्या सिरिंजा उकळण्यासाठी, पंपाच्या स्टोव्हसाठी दिलेलं होतं.

आता कुणी विचारेल, बाई, गावात जाऊन सांगायचं होतं ना, की एकटीला भीती वाटते. कसं सांगणार? दिवसा मी वाघीण होते. कोण उशिरा आली, कुणाची नखं वाढली, कुणी लेकराच्या डोळ्यात कसलं काजळ घातलं, सगळ्यांवर डाफरायची. चोविसाव्या वर्षी अंगावर पांढरा कपडा आला की माणसाला वाटतं आपण डाफरण्यासाठीच जन्मलो. अशा बाईनं संध्याकाळी जाऊन, मला भेव वाटते जी, कुणी तरी सोबतीला या, असं म्हणायचं म्हणजे माझं नाकच कापलं गेलं असतं.

लसीकरणाचा बुधवार आला. मोठ्या दवाखान्यातून शिपाई सायकलवर बर्फाचा डबा घेऊन यायचा, आणि बर्फ विरघळायच्या आत लस संपवायची असायची. भादवा होता, सारखी रिपरिप चालू होती. अकरा लेकरं. आया निंदणाचं काम टाकून आल्या होत्या आणि माझ्या पडवीत कांबळी झटकत बसल्या होत्या. मी सिरिंजा भांड्यात घातल्या, स्टोव्हला पंप मारला, पेटवला. वहीत 'उकळण्याचा वेळ, वीस मिनिटे' हे मी सकाळीच लिहून टाकलेलं होतं. रोजच तसं लिहायची, हात मोकळे असताना लिहून ठेवलेलं बरं म्हणून.

पाच मिनिटं झाली असतील नसतील, स्टोव्ह फुस्स झाला. तेलाचा डबा उचलून हलवला, आत थेंब नाही. भांड्यात बोट घातलं तर पाणी चटका देईल इतकंही तापलेलं नव्हतं. आणि त्यातल्याच एका सिरिंजनं मी आदल्या दिवशी एका माणसाच्या पायातला पू ओढून काढला होता. धुतली होती, पण धुणं वेगळं आणि उकळणं वेगळं. त्या चार सारख्या सिरिंजांमधली ती कुठली, हे आता मलाही सांगता आलं नसतं.

बाहेर बायका. शिपाई म्हणतो, "बाई, बर्फ चालला." मी त्या भांड्याकडे बघत किती वेळ उभी राहिले कुणास ठाऊक. मग सिरिंजा बाहेर काढल्या, वरून स्पिरिटचा बोळा फिरवला आणि आवाज चढवून म्हणाले, "चला, एकेक या, गर्दी नाही करायची." अकराही लेकरांना टोचलं.

तिसऱ्या दिवशी त्या अकरांतल्या एका पोरीची आई आली. ही गावातल्या एका घरची धाकटी सून, वीस वर्षांचीही नसेल, बोलणं अगदी थोडं. पहिलंच लेकरू, पाच महिन्यांची पोरगी. अंग तव्यासारखं तापलेलं. मी मांडीला हात लावला. जिथं सुई दिली तिथं वरून फारसं काही दिसत नव्हतं, पण आत कडक लागत होतं, आणि पोरगी अशी किंचाळली की माझा हात आपोआप मागे आला. मला त्याच क्षणी कळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं लख्ख कळलं.

आणि मी काय केलं? मी त्या पोरीच्या आईवर डाफरले. "शेणाचे हात लावले असतील तिथं. सुईच्या जागेला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं का नव्हतं?" तिनं मान खाली घातली. ताप मलेरियाचा आहे असं सांगून मी कडू औषध दिलं, मांडी शेकायला सांगितली आणि तिला वाटेला लावलं. ती बांधावरून जाताना पाठमोरी दिसत होती, खांद्यावर पोरगी, आणि मी दार लावून आत बसले. जेवण गेलं नाही.

त्या आठवड्यात आणखी तिघींची लेकरं आली, मांडीवर बोराएवढ्या गाठी. मी शेकल्या, मलम लावलं आणि प्रत्येकीला वेगवेगळं सांगितलं, होतं असं, कुणाला सांगत बसू नको. ती धाकटी सून मात्र पोरीला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली, आठ कोस चिखल तुडवत. डॉक्टरनं रक्त घेतलं, तापाचं औषध बदललं. पावसाळ्यात आमच्याकडे सगळे ताप मलेरियाचेच असायचे, त्याचं तरी काय चुकलं. मला हे कळलं तेव्हा मला वाटलं, सुटले. असं वाटल्याची लाज अजून गेलेली नाही.

पुढच्या बुधवारी शेजारच्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, लसीकरण होतं. मी आणि शिपाई झाडाखाली बसलो तर एकही बाई आली नाही. सुई घेतल्यावर पोरगी तापली, एवढं तिथं आधीच पोचलं होतं, आणि लेकरं घेऊन बाया रानात निघून गेल्या होत्या. शिपायानं जाऊन डॉक्टरला सांगितलं, आणि शुक्रवारी दुपारी जीप आली. आत डॉक्टर आणि माझ्यावरच्या मोठ्या बाई. त्यांची नोकरीची वीस वर्षं झालेली. त्यांनी मला दवाखान्याच्या खोलीत नेलं, वही उघडली, वीस मिनिटांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "लिहिलंय ना? मग झालं. हेच बोलायचं. हे लोक देवीचा कोप म्हणतील, चार दिवस बोंबलतील आणि विसरतील." मी मान हलवली. त्या वेळी त्या मला आईपेक्षा जवळच्या वाटल्या.

डॉक्टर मात्र वेगळाच निघाला. नवीन पोरगा, हडकुळा, चष्म्यावर सारखं धुकं धरायचं. तो म्हणाला, "वही मी वाचली. पण झालं ते या गावातल्या लोकांच्या देखत झालं. यांना विचारल्याशिवाय मी काय लिहू?" मोठ्या बाई म्हणाल्या, "साहेब, पेशंटला विचारून कुठं चौकशी होते का?" तो नुसता चष्मा पुसत राहिला.

दारात येऊन उभा राहिलेला गावचा म्हातारा पाटील म्हणाला, "विचारा जी. पण आमच्या रीतीनं."

रीत अशी होती. गावाच्या बैठकीची एक मोठी झोपडी होती, चारी बाजूंनी उघडी. तिथं सगळे जमिनीवर गोल करून बसायचे. ज्याच्यावर बोट असेल त्याला समोर उभं करायचं नाही, मध्येही बसवायचं नाही. त्यानं इतरांसारखंच गोलात बसायचं, खांद्याला खांदा लावून. मग एका टोकापासून पाळी सुरू. पाळी आली की आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं आणि आपल्या कानांनी ऐकलेलं तेवढंच सांगायचं. मला वाटते, लोक म्हणतात, असलं काही नाही. दुसऱ्याचं बोलणं तोडायचं नाही. आणि शेवटी जे ठरेल त्याला गोलातल्या प्रत्येकानं हो म्हणायचं, एकाचं जरी राहिलं तरी ठरलं नाही. एरवी बायका मागे बसायच्या, पण डॉक्टर म्हणाला, त्या दिवशी पडवीत बायकाच होत्या, मग त्या मागे कशा? पाटलानं थोडा विचार केला आणि बायकांना पुढे बोलावलं.

मोठ्या बाईंना कुणी तरी खुर्ची आणून दिली, त्या गोलाच्या बाहेर बसल्या. डॉक्टर ओल्या जमिनीवर मांडी घालून बसला. मला जागा मिळाली ती त्या धाकट्या सुनेच्या शेजारी. पोरगी तिच्या मांडीवर होती. इतकी तापलेली की तिच्या अंगाची धग माझ्या कोपराला लागत होती. रडतही नव्हती. नुसती कण्हत होती, आणि उजवा पाय पोटाशी घेऊन तसाच धरून होती.

पाळी पाटलापासून सुरू झाली. मी मोजलं, माझ्या आधी चौदा जण.

मी त्या दिवसापर्यंत बऱ्याच गोष्टींना भ्याले होते, पण ते सगळं एकीकडे आणि ते चौदा जण एकीकडे. सरकारी चौकशी मला समजली असती. साहेब विचारणार, आपण उत्तर द्यायचं, साहेब लिहिणार. इथं कुणी मला काही विचारतच नव्हतं. एकेक जण शांतपणे आपलं बोलत होता आणि गोल फिरत माझ्याकडे येत होता. तेरा. बारा. मी मनात घोकत होते, वीस मिनिटं उकळलं, वीस मिनिटं उकळलं.

पाटील म्हणाला, "मी पाह्यलं का बाईच्या घरी रातभर दोन कंदील जळतेत. पोळ्याच्या आधीपासून. मी धानावर डुकरं हाकलाले मचाणीवर असतो, मले दिसते." एवढंच. मी चमकून वर पाहिलं. तो माझ्याकडे बघतही नव्हता. मला वाटायचं मी त्या अंधारात एकटी आहे आणि माझी भीती कुणालाही ठाऊक नाही. हा म्हातारा रोज रात्री मचाणीवर बसून ती बघत होता.

मग एक आई. तिच्या लेकराच्या मांडीवर गाठ. मग दुसरी, तिच्याही. तिसरी म्हणाली, "बाईनं सांगतलं कोणाले सांगू नोको. म्हून नाई सांगतलं." दुसरीनं तिच्याकडे पाहिलं, "तुलेबी?" पाटलानं हात वर केला, कारण पाळी तोडायची नव्हती. डॉक्टरनं चष्मा काढला. या तीन गाठी त्याला आजपर्यंत ठाऊकच नव्हत्या. माझ्या पदराचं टोक मी बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं.

मग एका म्हाताऱ्या बाईची पाळी आली. तिच्या नातवाला त्या दिवशी टोचलं होतं. ती म्हणाली, "बाईचा स्टोव्ह म्हंजे आमचं घड्याळ होय. तो वाजाले लागला का मी पाण्याचा गुंड घिऊन विहिरीवर जातो. एक खेप करतो, दुसरी खेप करतो, दुसरा गुंड खाली ठेवला का स्टोव्ह थांबते आन बाई हाक मारते. दरवेळी असंच. त्या दिवशी मी पहिला गुंड घिऊन बांधावरच होती. आवाज बंद. म्हणलं, आज इतक्या लवकर? घरी बी नाई पोचली न बाईनं हाक मारली."

पाऊस छपरावर वाजत होता. मोठ्या बाई खुर्चीवरून म्हणाल्या, "अहो, तिला काय कळतंय मिनिटांचं?" पाटील त्यांच्याकडे वळून म्हणाला, "तुमची पाळी नाई आली, बाई. गोलात बसान तं येईन." त्यांनी खुर्ची सोडली नाही.

आता माझ्या आधी एकच. धाकटी सून. ती खाली बघून बोलली, इतकं हळू की सगळे पुढे वाकले. "ताप तिसऱ्या दिवशी आला. पाय सरळ करू देत नाई. कपडा बदलाले उचललं का किंचाळते." मग थांबली. मला वाटलं झालं हिचं. ती म्हणाली, "मोठ्या दवाखान्यात गेली तवा डॉक्टरसाहेबानं इचारलं, आखिन काई हाय का. मी नाई म्हणलं. मांडी नाई दाखवली. बाईनं म्हणलं होतं, तुयाच घाण हातानं झालं. मले वाटलं, साहेबबी मलेच बोलतीन."

माझी पाळी.

सगळे थांबले होते, पण कुणी माझ्याकडे रोखून बघत नव्हतं. तेच तर सहन होत नव्हतं. कुणी शिवी दिली असती तर मी उलट दिली असती, बोलण्यात मी कुणाला हार जाणारी नव्हते. वीस मिनिटं हे शब्द ओठांवर आले होते. खोटं बोलले तर नोकरी राहते, हे दिसत होतं. खरं बोलले तर हीच माणसं मला इथंच ठेचतील, असंही वाटत होतं. आणि कोपराला ती धग. दहा दिवस ती पोरगी आतून सडत चालली होती, आणि ती कशानं हे त्या गोलात एकट्या मला ठाऊक होतं. डॉक्टर अजून तापाचंच औषध देणार होता.

मी म्हणाले, "पाणी उकळलंच नाही. पाच मिनिटांत तेल संपलं. एका सिरिंजनं आदल्या दिवशी पू काढला होता. मला माहीत होतं. तेल मी कंदिलात जाळलं. मला रात्री भीती वाटते."

शेवटचं वाक्य मी का बोलले ते आजही सांगता येत नाही. ते कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टर पाळी-बिळी विसरून उठला आणि गुडघ्यावर त्या पोरीसमोर बसला. त्यानं तो उजवा पाय खुब्यापाशी अगदी हलकेच फिरवला आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडली. तो म्हणाला, "खुब्यात पू आहे. हिला आत्ताच्या आत्ता चंद्रपूरला न्यायला हवं." त्यानं गुडघ्यावर कागद ठेवून चिठ्ठी लिहिली, सुईबद्दल सगळं, पुवाबद्दल सगळं, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना पहिल्यापासून शोधत बसायला नको. मोठ्या बाईंना त्यानं आई-बापांबरोबर जीपमध्ये बसवलं. जाताना त्या धाकट्या सुनेनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जीप चिखलात दोनदा रुतली, लोकांनी ढकलली, मग आवाज लांब गेला.

मला वाटलं, आता माझी पूजा बांधणार. पण सगळे परत येऊन आपापल्या जागेवर बसले. बैठक संपलेली नव्हती.

पाटील म्हणाला, "बाई, एक सांग. तेल सरलं तं लाकूड काऊन नाई मांगतलं? इथी जंगलात बसून तुले लाकूड भेटत नोतं?"

घराघरात कोरडं सरपण छपरापर्यंत रचलेलं होतं. एक हाक मारली असती तर अकरा आया अकरा मोळ्या घेऊन आल्या असत्या. मी खरं तेच सांगितलं. "लाकूड मागितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, तेल कुठं गेलं."

"म्हंजे वाघाले भेली, मंग आमाले भेली," म्हातारी म्हणाली. "आन तुया भेवात पोट्टी चालली."

मी रडले. कुणी समजूत काढली नाही, आणि काढायलाही नको होती.

डॉक्टरनं प्रत्येकाला विचारलं, असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. मला वाटलं होतं, हे लोक म्हणतील बाई बदला, संपलं. ते मला बाजूला ठेवून भलत्याच गोष्टी बोलत होते. सुईच्या दिवशी घरटी एक लाकूड आणायचं, तेल असो की नसो. म्हातारीनं दोन खेपा पाणी आणायचं, दुसरा गुंड खाली ठेवून तिनं सांगितल्याशिवाय बाईनं सिरिंजला हात लावायचा नाही. लेकरू दाखवायला आणलं तर बाईनं आधी पाहायचं, मग भांडायचं. हे म्हातारीचंच, आणि त्यावर त्या दिवशी पहिल्यांदा कुणी तरी हसलं. आणि बाईनं रात्री एकटं झोपायचं नाही. एका जवान पोरीला नाल्यावर एकटी ठेवली, ही गावाचीबी चूक होय, असं पाटील म्हणाला. डॉक्टरनं हे सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं.

मग शेवटची गोष्ट. बाई गावात राहील की नाही? गोलात एकेकानं हो म्हटलं, काहींनी बराच विचार करून. पाटील म्हणाला, "पण जिचं लेकरू हाय, तिचं हो बाकी हाय. ते आल्याबिगर काई ठरलं नाई."

पुढचे दोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. वरून ठपक्याचं पत्र आलं. बदली केली नाही, कारण शिक्षा म्हणून कुठं पाठवणार? त्याच्या पुढे रस्ताच नव्हता. म्हातारी रोज दिवेलागणीला चटई घेऊन माझ्या खोलीत यायची आणि पाठ टेकताच घोरायला लागायची. वाघाची भीती त्या घोरण्यानं कुठच्या कुठं पळाली. पण तिच्या जागी दुसरी येऊन बसली. शिपायाची सायकल दिसली की मी हातातलं काम टाकायची, कारण चंद्रपूरची बातमी तोच आणायचा. ऑपरेशन झालं. जगते की नाही सांगता येत नाही. मग ताप उतरला. मग कमरेपासून पायाला प्लास्टर घातलं. पोरगी जगेल हे कळलं त्या दिवशी मी दारामागे उभी राहून दुआ म्हटली. त्यानंतर मला तिच्या आईच्या येण्याची भीती वाटायला लागली. ती नाही म्हणाली तर मी जाणार, आणि तिनं नाहीच म्हणायला हवं, असं मला मनातून वाटत होतं.

धान कापणीला आलं तेव्हा ती आली. बुधवारच होता. पडवीत बायका बसलेल्या, पायरीवर पाटील, चुलीवर लाकडं आणि स्टोव्हमध्ये तेल, दोन्ही तयार. बांधावरून ती येताना दिसली आणि सगळ्यांनी माना वळवल्या. पोरगी कडेवर होती, वाळलेली, पण डोळे टकमक. उजवा पाय डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड. तो तसाच राहणार होता.

मी स्टोव्ह पेटवला. तो फरफरायला लागला. तिनं पोरगी म्हातारीच्या मांडीवर दिली, तिच्याजवळचा रिकामा गुंड घेतला आणि विहिरीकडे चालायला लागली. एक खेप आली. तिनं पाणी रांजणात ओतलं, पुन्हा गेली. दुसरी खेप आली. तिनं गुंड खाली ठेवला, भांड्याशी येऊन आत पाहिलं, पाणी रटरट उकळत होतं. ती म्हणाली, "आखिन थोडं होऊ दे." मी होऊ दिलं.

मग ती पोरीला घेऊन माझ्यासमोर बसली. तिसरा डोस राहिला होता. तिनं डावी मांडी उघडी केली आणि उजव्या पायावर फडकं ओढलं. "या पायात. तो पाय नाई."

मी सिरिंज भरायला घेतली आणि माझा हात इतका कापायला लागला की सुई लसीच्या बाटलीवर टिकटिक वाजू लागली. पडवीत सगळ्यांना ते ऐकू येत होतं. तिनं हात पुढे करून माझं मनगट घट्ट धरलं. तिचा तळवा पाण्यानं गार होता, आणि तोही कापत होता.

"भेतेस?" ती म्हणाली. "मीबी भेतो. टोच."

मी टोचलं. पोरगी रडली, आणि म्हातारीनं दारातून पुढच्या आईला हाक मारली.